महासंगणक, कृत्रिम बुद्धिमत्ता आणि विश्वासाचा ताळा



ज्या सभागृहाच्या मागच्या दाराशी वर्गाबाहेर उभे राहण्याची शिक्षा मी अनेकदा भोगली, त्याच सभागृहात व्याख्याता म्हणून उभे राहताना मनाला संकोच वाटल्यावाचून राहत नाही. ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या आमच्या गणिताच्या सरांना हे दृश्य पाहून गंमत वाटली असती. संयोजकांनी पत्रात विषय सुचविला होता : महासंगणक आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांवर आपण विश्वास कसा ठेवावा? माझी सारी नोकरी पुण्यात, संगणकावर हवामानाच्या आज्ञावली चालविण्यात गेली. तेव्हा ह्या विषयावर दोन शब्द बोलण्याचा अधिकार मला थोडासा आहे. पण खरा अधिकार मला एका चुकीने दिला आहे, आणि ती चूक मी आज आपल्यापुढे सांगणार आहे.

आरंभ सरांपासूनच केला पाहिजे. फळ्यावर गुणाकार सोडवून झाला, की खडू खाली ठेवण्यापूर्वी सर विचारीत, “ताळा पाहिलास का?” माझ्या पिढीतील मंडळींना नवांचा ताळा आठवत असेल. ३४६ गुणिले २५ बरोबर ८६५०. ३४६ मधील अंकांची बेरीज तेरा, म्हणजे चार. २५ मधील सात. चार साते अठ्ठावीस, म्हणजे दहा, म्हणजे एक. आणि ८६५० मधील अंकांची बेरीज एकोणीस, म्हणजे दहा, म्हणजे एक. ताळा जमला. आम्ही खूश होऊन पाटी दाखवायला धावत असू. एके दिवशी सरांनी एका मुलाची पाटी वर धरली. त्याने उत्तर ८५६० लिहिले होते, आणि त्याचाही ताळा एकच येत होता! वर्गात शांतता पसरली. सर म्हणाले, “ताळा चुकला तर उत्तर चूक आहे हे नक्की. पण ताळा जमला म्हणजे उत्तर बरोबर आहे हे नक्की नव्हे. विश्वास ठेवायचा तो एवढे ध्यानात ठेवून.” बारा वर्षांच्या मुलांना ते वाक्य कितपत कळले असेल कोण जाणे. मला ते कळायला सन २००२ उजाडावे लागले.

आता यंत्रांकडे वळू. १९८०च्या दशकात आपल्या देशाला हवामानाच्या अंदाजासाठी अमेरिकेकडून महासंगणक हवा होता. बऱ्याच वाटाघाटींनंतर, दशकाच्या अखेरीस, क्रे कंपनीचा एक यंत्रसंच दिल्लीस आला. तोही मागितला होता त्याहून कमी ताकदीचा आणि वापरावर बंधने घालून. विश्वासाचा प्रश्न तेव्हाही होता, पण तो उलट्या दिशेचा होता : आमच्यावर यंत्र सोपवावे की नाही, हे दुसरे ठरवीत होते. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. अकोला जिल्ह्यातील मुरंबा ह्या खेड्यात जन्मलेले डॉ. विजय भटकर तिचे प्रमुख होते, आणि १९९१ साली ‘परम ८०००’ हा यंत्रसंच तयार झाला. एका अवाढव्य मेंदूऐवजी अनेक लहान प्रक्रियकांना एकाच कामाला समांतर जुंपायचे, ही त्यामागची कल्पना. सेकंदाला सुमारे शंभर कोटी आकडेमोडी, म्हणजे एक गिगाफ्लॉप, ही त्याची क्षमता. २०२४ साली पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत ‘अर्क’ नावाचा संच राष्ट्राला अर्पण झाला. त्याची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप आहे. म्हणजे तेहतीस वर्षांत वेग एक कोटी पटींहून अधिक वाढला.

पण वेग वाढला म्हणून विश्वास वाढावा का? बैल वेगाने पळू लागला, तर तो घरच्याच वाटेने पळतो आहे ना, हे अधिकच पाहावे लागते. १९९३ पासून जगातील पाचशे वेगवान संगणकांची यादी वर्षातून दोनदा प्रसिद्ध होते. सी-डॅकचा ‘परम पद्म’ २००३च्या जूनमध्ये तीत १७१व्या स्थानी होता. टाटांच्या पुण्यातील संस्थेचा ‘एका’ २००७च्या नोव्हेंबरमध्ये चक्क चौथा आला. ह्या स्पर्धेचा एक नियम मला फार आवडतो. यंत्राला प्रचंड संख्येने एकसामयिक समीकरणे सोडवायला देतात, आणि उत्तर आल्यावर ते पुन्हा मूळ समीकरणांत घालून किती फरक उरतो ते पाहतात. फरक मर्यादेबाहेर गेला, तर वेग कितीही असो, तो निकाल ग्राह्य नाही. म्हणजे जगातील सर्वांत वेगवान यंत्रालाही प्रथम सरांच्या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते : ताळा पाहिलास का?

हा ताळा का लागतो, ते थोडक्यात सांगतो. यंत्रात आकड्यांना जागा मोजकीच असते. समजा, एखादे यंत्र चारच सार्थ अंक ठेवू शकते. त्यात १२३४० मध्ये १ मिळवला तर १२३४१ व्हायला हवेत. पण पाचवा अंक मावत नाही, म्हणून १२३४०च राहतात. त्यातून १२३४० वजा केले की उरले शून्य. तीच गोष्ट क्रम बदलून करा : आधी १२३४० मधून १२३४० वजा करा, मग १ मिळवा. उत्तर एक! बेरजेचा क्रम बदलला आणि उत्तर बदलले. समांतर यंत्रात हजारो प्रक्रियक आपापल्या बेरजा घेऊन येतात. कोण आधी पोहोचेल हे प्रत्येक वेळी सारखे असेलच असे नाही. म्हणून तीच आज्ञावली, तीच माहिती, तेच यंत्र, आणि तरीही शेवटचे अंक निराळे, असा अनुभव आम्हाला येत असे.

शेवटच्या अंकाचे एवढे काय, असे कुणी म्हणेल. १९६१ साली एडवर्ड लोरेन्झ ह्या शास्त्रज्ञाने हवामानाचे एक गणित पुन्हा चालविताना ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ एवढाच आकडा घातला. काही काळ दोन्ही उत्तरे जोडीने चालली, आणि मग त्यांचा एकमेकांशी काही संबंधच उरला नाही. १९९१ च्या २५ फेब्रुवारीस आखाती युद्धात सौदी अरबस्तानातील धाहरान येथे एका क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेचे घड्याळ सुमारे शंभर तास सतत चालल्याने सेकंदाच्या एक-तृतीयांशाने चुकले होते. कारण एक-दशांश सेकंद हा अपूर्णांक यंत्राच्या द्विमान पद्धतीत पुरता लिहिताच येत नाही. येणारे क्षेपणास्त्र अडविले गेले नाही, आणि अठ्ठावीस सैनिक मृत्युमुखी पडले. ती चूक कुणी हेतुपुरस्सर केलेली नव्हती. ती फक्त मोजलेली नव्हती.

आता माझी गोष्ट.

नवलगुंद तालुक्यात बेण्णीहळ्ळाच्या बाजूला आमच्या अण्णाकाकांची काळी जमीन होती. त्या भागाची जुनी रीत आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. सारे रान खरिपाला घालायचे नाही. निम्मे मोकळे ठेवायचे, आणि भाद्रपदाच्या पुढे ओल पाहून ज्वारी, हरभरा, करडई पेरायची. मृगाने दगा दिला तर हस्त सांभाळील, हा त्यामागचा हिशेब. २००२च्या मे महिन्यात मी गावी आलो होतो. ओसरीवर बसून काकांनी विचारले, “बाबा, तू त्या यंत्रापाशी काम करतोस. यंदा पाऊस कसा?” त्या वर्षीचा देशाचा अधिकृत अंदाज मला तोंडपाठ होता : सरासरीच्या १०१ टक्के, चार टक्के इकडे-तिकडे.

त्या अंदाजामागे एक नामांकित पद्धत होती. १९८८ साली डॉ. वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा घटकांवर आधारलेले एक सूत्र बसविले. कुठे तापमान किती, कुठे वाऱ्याचा दाब किती, हिमालयावर बर्फ किती, असे ते घटक. त्या वर्षी पाऊस चांगला होईल असे त्यांनी सांगितले, आणि आदल्या वर्षीच्या भीषण अवर्षणानंतर तो तसा झाला. पुढे चौदा वर्षे ते सूत्र मोठ्या चुकीवाचून चालले. चौदा वेळा ताळा जमला होता. मी काकांना म्हणालो, “काका, यंदा पाऊस चांगला आहे. निर्धास्त पेरा.”

बंधुभगिनींनो, ह्या एका वाक्यात मी चार गोष्टी गाळल्या होत्या. तो आकडा सबंध देशाचा होता, नवलगुंदचा नव्हता. तो चार महिन्यांचा होता, कोणत्याही एका महिन्याचा नव्हता. त्याला चुकीची मर्यादा जोडलेली होती, ती मी सांगितली नाही. आणि चौदा वर्षांचा अनुभव म्हणजे चौदाच वर्षांचा, शंभर वर्षांचा नव्हे. ह्या चारही गोष्टी मला माहीत होत्या. काकांना माहीत असण्याचे कारण नव्हते. म्हणून दोष त्या सूत्राकडे जात नाही. तो माझ्याकडे येतो.

काकांनी त्या वर्षी प्रथमच जवळजवळ सारे रान खरिपाला घातले. सोसायटीचे कर्ज काढून बी आणले; मूग, मिरची, कापूस. जूनमध्ये पाऊस बरा झाला, पेरणी साधली. मग जुलै आला, आणि देशभर त्या महिन्याचा पाऊस सरासरीच्या निम्म्यावर थांबला. हंगामाअखेर देशाचा आकडा ८१ टक्क्यांवर आला. आपल्या उत्तर कर्नाटकाने त्या काळात लागोपाठ दुष्काळ पाहिले, हे वडीलधाऱ्यांना सांगायला नको. राखून ठेवलेले रान नव्हते, म्हणून रब्बीचाही आधार नव्हता. दिवाळीपूर्वी काकांनी बैलजोडी विकली. मी भेटायला गेलो, तेव्हा ते रागावले नाहीत. गोठ्याकडे पाहत एवढेच म्हणाले, “यंत्र चुकलं असंल तर चुकू दे रे. पण तू सांगताना जरा तरी अडखळला असतास, तर मी चार एकर राखली असती.”

त्या ‘अडखळण्या’वर मी गेली कित्येक वर्षे विचार करीत आहे. माझ्या मते विश्वासाचे मर्म तिथेच आहे.

त्या अपयशानंतर काय झाले, तेही सांगायला हवे. जुने सूत्र झाकून ठेवले गेले नाही. कोणत्या घटकांचा पावसाशी असलेला संबंध काळाच्या ओघात क्षीण झाला, हे तपासले गेले, आणि २००३ साली हवामान खात्याने नवी सूत्रे स्वीकारली. डॉ. सुलोचना गाडगीळ ह्या थोर विदुषींनी २००२च्या त्या विलक्षण हंगामाची उघड चिकित्सा केली. गाडगीळबाई २०२५ साली निवर्तल्या, असे सांगताना वर्षाची अचूकता राखावी असे वाटते, कारण त्यांना अघळपघळ बोलणे खपत नसे. आपल्याच राज्यातील पावगड भागात भुईमूग पेरणाऱ्या शेतकऱ्यांबरोबर बसून, ‘तुम्हाला नेमके कोणत्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे?’ असे आधी विचारणाऱ्या त्या शास्त्रज्ञ होत्या. त्याहून जुने उदाहरण लुईस रिचर्डसन ह्या इंग्रज गृहस्थाचे. त्याने १९१० सालच्या २० मे ह्या दिवसाचे हवामान, मागाहून, हाताने समीकरणे सोडवून काढले. उत्तर असे आले, की सहा तासांत हवेचा दाब १४५ मिलिबार वाढेल. प्रत्यक्षात तो जवळपास स्थिर होता. १९२२ साली त्याने पुस्तक लिहिले आणि हे सपशेल चुकलेले उत्तर जसेच्या तसे छापले. आजचे सारे हवामानगणित त्याच पुस्तकाच्या वाटेने गेले आहे. चूक छापणाऱ्यावर लोकांनी विश्वास ठेवला, कारण पुढच्याला ती दुरुस्त करता आली.

दुसरी सुधारणा अडखळण्याचीच होती, मात्र शास्त्रशुद्ध अडखळण्याची. आरंभीचे आकडे किंचित बदलून तेच गणित पुनःपुन्हा करायचे आणि उत्तरे किती फाकतात ते पाहायचे, ही पद्धत युरोप-अमेरिकेत १९९२ पासून रोजच्या वापरात आली. आपल्याकडे २०१८ साली बारा किलोमीटरच्या जाळीवर असे एकवीस अंदाज एकाच वेळी काढण्याची व्यवस्था झाली. एकवीसपैकी एकोणीस जण पाऊस म्हणत असतील तर एक अर्थ. अकराच म्हणत असतील तर दुसरा. महासंगणकाची खरी श्रीमंती मला येथे दिसते. त्याच्या वेगामुळे उत्तर लवकर मिळते हे खरेच, पण त्याहून मोलाचे हे, की त्याला आपली शंका मोजण्याइतकी सवड मिळते.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेकडे येतो. गेल्या काही वर्षांत हवामानशास्त्रात एक नवा शिष्य आला आहे. त्याला वाऱ्याची आणि उष्णतेची समीकरणे कुणी शिकविली नाहीत. मागच्या चाळीसेक वर्षांच्या हवामानाच्या नोंदी दाखविल्या, आणि त्याने त्यांतून स्वतःच सांगड बसविली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ग्राफकास्ट’ नावाच्या प्रतिमानात अशा सुमारे ३ कोटी ६७ लाख गुणकांची सांगड आहे, आणि दहा दिवसांचा अंदाज ते एका मिनिटाच्या आत देते. अनेक कसोट्यांवर ते समीकरणांच्या जुन्या पद्धतीहून सरस ठरले. हे यश नाकारणे म्हणजे दुराग्रह होईल.

पण एक ध्यानात ठेवले पाहिजे. हा शिष्य ज्या वह्यांवरून शिकला, त्या वह्या जुन्या समीकरणांनी आणि जगभरच्या वेधशाळांतील माणसांनी भरलेल्या आहेत. ज्या प्रकारचा पाऊस त्या वह्यांत क्वचितच आढळतो, त्याच्याविषयी त्याचे ज्ञान तोकडे असणार. शिवाय जुन्या आज्ञावलीत चूक झाली, तर कोणत्या ओळीत झाली ते आम्ही रात्र जागून शोधू शकत असू. साडेतीन कोटी गुणकांत ‘ओळ’ अशी नसतेच. म्हणून येथे रीत तपासण्यापेक्षा फळ तपासण्यावर अधिक भर द्यावा लागतो : त्याने कधीही न पाहिलेल्या वर्षांचा अंदाज त्याला करायला लावायचा, आणि तो प्रत्यक्षाशी ताडून पाहायचा.

हे काम नीट केले तर काय होते, याचे एक उदाहरण २०२५चे आहे. त्या वर्षी मान्सून २४ मे रोजी, नेहमीच्या आठ दिवस आधी, केरळात आला. २६ मे रोजी मुंबईत पोहोचला. सर्वत्र आनंदीआनंद. पेरणीला हात घालावा असेच कुणालाही वाटले असते. पण केंद्रीय कृषी मंत्रालयाने त्या वर्षी कृत्रिम बुद्धिमत्तेची दोन प्रतिमाने आणि सव्वाशे वर्षांच्या पावसाच्या नोंदी यांची जोड घालून, तेरा राज्यांच्या काही भागांतील सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना आपापल्या भागातील पावसाच्या आगमनाविषयी, चार आठवडे आधीपर्यंतचे संदेश भ्रमणध्वनीवर पाठविले होते. आरंभीच्या मुसंडीनंतर पाऊस मध्येच थबकेल, हे त्या अंदाजांनी ओळखले होते, आणि तो सुमारे तीन आठवडे थबकला. पुढे मध्य प्रदेश व बिहारात दूरध्वनीवरून विचारणा झाली, तेव्हा ३१ ते ५२ टक्के शेतकऱ्यांनी पेरणीविषयीचे आपले निर्णय बदलल्याचे सांगितले.

उरलेल्यांनी बदलले नाहीत, ह्याचे कुणाला वाईट वाटेल. मला वाटत नाही. पहिल्याच वर्षी सर्वांनी डोळे मिटून ऐकले असते, तर मला २००२ची आठवण येऊन भीती वाटली असती. आपल्या ह्या परिसरात गाण्याची परंपरा मोठी आहे. कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे शिकायला गंगूबाई हुबळीहून आगगाडीने जात. गुरूवरचा तो विश्वास एका मैफलीत उत्पन्न झालेला नव्हता, आणि गुरूनेही शिष्याच्या गळ्यावर तो एका दिवसात ठेवला नव्हता. रोजच्या तालमीत, रोज चूक दाखविली जाऊन आणि रोज ती सुधारून, तो दोन्ही बाजूंनी वाढत गेला. यंत्राशीही आपले नाते असेच वाढले पाहिजे.

आज तुमच्या हातातील भ्रमणध्वनीतही बोलणारी यंत्रे आली आहेत. ती मराठीत बोलतात, कानडीत बोलतात, आणि अतिशय सफाईदार बोलतात. विद्यार्थ्यांना माझे सांगणे आहे, की त्या सफाईला भुलू नका. मीही त्या दिवशी ओसरीवर फार सफाईने बोललो होतो. यंत्राला विचारायचे प्रश्न तेच, जे मला कुणीतरी विचारायला हवे होते. हे तुला कशावरून कळले? हे कुठल्या जागेला आणि कुठल्या काळाला लागू आहे? तू मागे किती वेळा चुकलास, आणि त्या चुकांची वही कुठे आहे? आणि उत्तर चुकले, तर बैलजोडी कुणाची जाणार? ह्यातील शेवटच्या प्रश्नाचे उत्तर यंत्र देऊ शकत नाही. ते यंत्र वापरणाऱ्या आणि त्याच्या नावाने सल्ला देणाऱ्या माणसालाच द्यावे लागते.

शेवटी एक विनंती. आपल्या धारवाडात १९८६ पासून कृषी विज्ञान विद्यापीठ आहे, २०१६ पासून आय.आय.टी. आहे. मोठी यंत्रे, मोठी माणसे तिथे आहेतच. आपल्या शाळेने एक लहान काम करावे. ह्या व्याख्यानाचे जे मानधन मला दिले जाणार आहे, त्यातून शाळेच्या पटांगणात एक पर्जन्यमापक बसवावा. आठवीच्या मुलांनी रोज सकाळी एका वहीत दोन रकाने भरावेत : काल काय सांगितले होते, आणि प्रत्यक्षात काय झाले. ज्या दिवशी ‘पावसाची शक्यता सत्तर टक्के’ असे सांगितले गेले असेल, ते सारे दिवस वर्षअखेरीस वेगळे काढावेत. दर दहांपैकी सातच्या आसपास दिवशी पाऊस पडला असेल, तर सांगणारा खरा. दहाच्या दहा दिवशी पडला असेल, तरीही त्याचा ताळा चुकला, हे मुलांनी धीटपणे लिहावे.

अण्णाकाका आता नाहीत. त्यांचा नातू ते रान कसतो. तो मला दर वर्षी मे महिन्यात दूरध्वनी करतो आणि पावसाचे विचारतो. मी त्याला आकडे सांगतो, शक्यता सांगतो, आणि न विसरता हेही सांगतो, की हे चुकू शकते व कितपत चुकू शकते. तो ऐकून घेतो, आणि चार एकर राखून ठेवतो.

सरांच्या स्मृतीस अभिवादन करून मी आपली रजा घेतो.